लवणासुराची कथा आणि लोणारचे पाणी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार क्षेत्री दैत्यसूदनाचे दर्शन घेऊन भाविक सरोवराच्या काठावर येतो, तेव्हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि सुमारे १५० मीटर खोलीचे वर्तुळाकार विवर त्याच्या दृष्टीस पडते. या विवराची एक कथा त्याने मंदिरात ऐकलेली असते व दुसरी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. यांतील खरी कोणती, असे मुले हमखास विचारतात. वडीलधारी मंडळी बहुधा उत्तर टाळतात.

पहिली कथा स्थलपुराणातील आहे. लवण नावाचा दैत्य येथे भूमीखाली दडून राही व वर येऊन प्रजेस पीडा देई. भगवान विष्णूंनी सुंदर तरुणाचे रूप घेऊन दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठाव मिळविला, पायाच्या अंगठ्याने विवरावरील झाकण उडविले आणि त्याचा वध केला. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त व क्षार हे त्याचे मांस, अशी समजूत आहे. उडालेले झाकण म्हणून दूरची एक टेकडीही सांगितली जाते.

दुसरी कथा अलीकडची असून ती एका दमात सिद्ध झालेली नाही. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ अनेक अभ्यासक यास ज्वालामुखीचे मुख समजत होते. पुढे येथील खडकांत मास्केलिनाइट हा काचेसारखा पदार्थ आढळला. लाव्हारसाच्या उष्णतेने तो बनत नाही, त्यासाठी प्रचंड आघाताचा दाब लागतो. १९७३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताचे मत दृढ झाले. विवराच्या वयाबद्दल मात्र अद्याप एकमत नाही: एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षे भरते, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार.

काही श्रद्धावंत म्हणतात की, पुराणकारांना उल्कापात ठाऊकच होता. हे ऐकावयास गोड वाटते, परंतु कथेत आकाशातून काही पडत नाही; उलट झाकण वर उडते. ओढून ताणून असा मेळ घातल्याने पुराण व शास्त्र या दोहोंचाही मान कमी होतो. कथेचे खरे मोल निराळे आहे. ती रचणाऱ्यांनी हे पाणी चाखले होते, गोल खळगा व त्याची उंचावलेली कड पाहिली होती, आणि इतके मीठ येथे आले कोठून, असा प्रश्न स्वतःस विचारला होता. दैत्याच्या नावातच तो प्रश्न आहे. शास्त्राचा आरंभही याच कुतूहलातून होतो. कथेने मात्र त्या खळग्यास तीर्थाचे रूप दिले. ऐने-अकबरीत लोणारचा उल्लेख येतो, तेथे विष्णुगया हे नाव आहे आणि काच व साबणास लागणाऱ्या द्रव्यांची माहितीही आहे. भक्ती व व्यवहार येथे पूर्वीपासून शेजारी नांदत आले.

खरी अडचण शुद्धतेच्या कल्पनेपाशी येते. गोडे, वाहते पाणी शुद्ध आणि खारे, साचलेले पाणी अशुद्ध, असा भाविकाचा संस्कार असतो. लोणारात याच्या उलट आहे. या अतिक्षारीय पाण्यातच येथील निळे-हिरवे शैवाल व विशिष्ट सूक्ष्मजीव जगतात. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा अनेकांना लवणासुराच्या रक्ताची आठवण झाली असल्यास नवल नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा पाणी कमी होऊन क्षारता वाढल्यामुळे मिठात वाढणारे गुलाबी सूक्ष्मजीव बहरल्याचे दिसून आले. त्याच वर्षी सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

म्हणजे ज्या क्षारांस कथा दैत्याचे मांस म्हणते, त्यांवरच येथील जीवसृष्टी उभी आहे. गोड्या पाण्याचा भार वाढला, वरून सांडपाणी मिसळले, की ती क्षीण होते. अभ्यासकांनी हे वारंवार सांगितले आहे. दैत्याचा वध देवाने केला, परंतु त्याचे मीठ तेथेच राहू दिले, या तपशिलाकडे कथा सांगताना क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

काठाजवळच गोमुखातून बारमाही धार पडते. तिच्याखाली स्नान करून मग दर्शनास जाण्याची रीत जुनी आहे. धारेचे पाणी गोड असते. ते उतारावरून सरोवराकडेच जाते, आणि स्नान करणाऱ्याने साबण लावला असेल, तर तोही त्याबरोबर जातो.