पंचवीस सीसीचा जिम्मा

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक सायकल केली. 'केली' हा शब्द तसा मोठा आहे. सायकल अब्बांची होती, काळी, डबलबारची, सळईच्या ब्रेकची. इंजिन कपाशीवर फवारणी करायच्या पेट्रोल पंपाचे होते. पेट्रोलची टाकी एका जुन्या पत्र्याच्या डब्याची. आमचे म्हणावे असे त्यात फक्त जोडकाम होते. तरीही ज्या संध्याकाळी ती पुसदच्या आमच्या गल्लीतून फटफटत निघाली, त्या संध्याकाळी ती आम्हाला पूर्णपणे आमचीच वाटली. आणि पुढे जे घडले त्याचा जिम्मा घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र ती कोणाचीच नव्हती. या दोन क्षणांमधल्या अंतराविषयी हा लेख आहे.

आम्ही म्हणजे तिघे. हे लिहिणारा शाळामास्तर, वेल्डिंगचे दुकान चालवणारा मामेभाऊ आणि लेथवर आयुष्य काढलेले एक बुजुर्ग, ज्यांना सगळा मोहल्ला उस्ताद म्हणतो. जुन्या छायाचित्रांत दिसतात तशी गाडी करायची, एवढीच हौस होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या. दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये टाकी, खाली इंजिन, आणि चढण आली की पायडल मारायचे. फ्रान्समध्ये 1946 पासून विकली गेलेली सोलेक्स पुढच्या चाकावर रोलर घासून चालत असे. त्याच वर्षी जपानच्या हामामात्सु गावात सोइचिरो होंडांनी लष्कराच्या बिनतारी यंत्रांसाठी बनवलेली छोटी इंजिने स्वस्तात मिळवून सायकलींना लावली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून शेक घ्यायची गरम पाण्याची बाटली वापरली होती, आणि ती सायकल बाजारातून चालवून पाहिली ती त्यांच्या पत्नीने. आपल्याकडे 1972 साली कायनेटिकची लुना आली. तिलाही पायडल होतेच. तेव्हा आम्ही काही जगावेगळे करत नव्हतो.

इंजिन कोठून आले, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ते आमच्या एका शेतकरी नातलगाच्या गोठ्यात पडून होते. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, आणि पेट्रोल पंपाचा फवारा इतका बारीक की तो अंगावर कधी बसला ते कळत नसे. नातलगाने तेव्हापासून पंपाला हात लावला नाही. विकलाही नाही. "घ्यायचे तर इंजिन घ्या, टाकी मी गाडून टाकीन," असे तो म्हणाला, आणि खरेच गाडली. त्या वर्षीची एक गोष्ट आमच्या मनात राहून गेली आहे. मेलेल्याबद्दल लोक सहज बोलत: तोंडाला रुमाल बांधला नव्हता, हात धुतले नव्हते. औषध बनवणारा, विकणारा, मजुरीने फवारायला पाठवणारा, सगळे एकेक करून बाजूला झाले आणि दोष सर्वांत शेवटच्या हातात जाऊन थांबला. आम्हीही तेव्हा तसेच बोललो असू.

इंजिन दोन स्ट्रोकचे, लिटरभर पेट्रोलमध्ये 40 मिली ऑइल घालून चालणारे. उस्तादांनी तीस मिलिमीटर जाडीचा लोखंडी रोलर कातून दिला. तो मागच्या टायरवर दाबून बसतो. दांड्यावरचा खटका ओढला की उचलला जातो आणि गाडी साधी सायकल होते. हिशेब सोपा आहे. इंजिन मिनिटाला साधारण 4400 फेरे फिरले की चाक ताशी 25 किलोमीटरने पळते. पंप पाठीवर असताना हेच इंजिन त्याहून पुष्कळ जोराने फिरते, म्हणजे ताकदीला वाव होता. पहिल्या दिवशी ते स्टार्ट झाले तेव्हा उस्तादांनी कानाला हात लावून 'बिस्मिल्ला' म्हटले आणि मग इतक्या मोठ्याने हसले की त्यांची कवळी हलली.

कायद्याचीही एक गंमत आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांच्या आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीला मोटार वाहन मानलेले नाही. आमच्या इंजिनाच्या पट्टीवर 25.6 लिहिलेले. म्हणजे अर्ध्या चमचाभरापेक्षाही कमी पोकळीने आमची गाडी कायद्याच्या हद्दीत शिरत होती. मामेभाऊ म्हणाला, पट्टी घासून टाकू. आम्ही त्यावर चहा घेत घेत हसलो, आणि गल्लीतच तर फिरवायची आहे म्हणून विषय सोडून दिला. पट्टी घासली नाही, एवढ्यावर आम्ही स्वतःला प्रामाणिक समजत होतो.

मग ते घडले. शेजारचा तेरा वर्षांचा मुलगा रोज हट्ट करी. एके दिवशी रिमझिम थांबल्यावर आम्ही त्याला बसू दिले. उतारावर गाडीने वेग घेतला. त्याने मूठ सोडली, पण इंजिन मंद होईना, कारण फवारणी पंपाचा एक्सिलेटरचा दांडा जिथे ठेवाल तिथेच राहतो. शेतात ती सोय असते. माणूस दिवसभर चालतो, बोट किती वेळ दाबून धरणार? तोच दांडा आम्ही जसाच्या तसा हँडलला बसवला होता. इंजिन बंद करायचे बटण सीटच्या मागे राहिले होते. मुलाने सळईचे ब्रेक दाबले, तर ओल्या गुळगुळीत रीमवर रबर नुसते सरकले. ताशी 15 ऐवजी 25 ने पळणारी सायकल थांबवायला ब्रेकला जवळजवळ तिप्पट काम करावे लागते, हे दहावीच्या वर्गात आम्ही दरवर्षी शिकवतो. मुलगा गटाराच्या कठड्यावर आदळला. मनगट मोडले, हनुवटीला चार टाके पडले.

त्याची अम्मी आली. आम्ही बोलायला सुरुवात केली की त्यानेच हट्ट केला, आम्ही नको म्हणत होतो, अल्लाहने मोठ्या संकटातून वाचवले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "इसको रोकते कैसे, ये बताया था क्या उसको?"

सांगितले नव्हते. आम्हा तिघांपैकी कोणीही नाही.

तोपर्यंत आमची समजूत अशी होती की हौसेची जोखीम ज्याची त्याने घ्यावी. स्वतःचा जीव, स्वतःची गाडी. या समजुतीत खोट कुठे आहे, ते शोधायला आम्हाला बरेच दिवस लागले. गाडी एकदा रस्त्यावर आली की ती फक्त करणाऱ्याची राहत नाही, हे तर उघड आहे. पण त्याहून आतली गोष्ट अशी: वस्तूची जागा बदलली की तिचा स्वभाव बदलतो, आणि हा बदल करणाऱ्यालाच आधी ठाऊक असू शकतो. शेतातली सोय रस्त्यावर सापळा होते. मुलाला ते कळण्याचा काही मार्गच नव्हता. नीयत साफ होती, हे आमचे उत्तर खरे होते आणि तरी अपुरे होते. कारागिराने हाती घेतलेल्या वस्तूची हमी त्याच्यावर किती, याची चर्चा आपल्या फकीहांनी शेकडो वर्षे केली आहे. मुसलमानी शहरांत वजने-मापे आणि कारागिरांचे काम तपासायला मुहतसिब नेमला जात असे. नीयतीवर सगळे भागले असते तर मुहतसिबाची गरज काय होती? उंट आधी बांधायचा की आधी भरवसा ठेवायचा, ती गोष्टही आपण मुलांना सांगतोच.

इथे फुलसावंगीचा विषय टाळता येत नाही. महागाव तालुक्यातले हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या एका चोवीस वर्षांच्या, आठवीत शाळा सोडलेल्या मुस्लिम तरुणाने भावाच्या वेल्डिंगच्या दुकानात मारुती 800 चे इंजिन लावून एकट्याने बसायचे हेलिकॉप्टर तयार केले. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी घेताना मागच्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि तो गेला. स्वातंत्र्यदिनाला काहीच दिवस राहिले होते. त्या दिवशी गावाला उड्डाण दाखवायचे त्याच्या मनात होते. त्याच्या हुन्नराला आम्ही सलाम करतो, आणि त्याला बेपर्वा म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. कारखान्यातली गाडी पुण्याच्या एआरएआयमध्ये तपासली जाते. ती संस्था 1966 पासून आहे. आमच्या वस्तीतले यंत्र ते करणाऱ्याच्या अंगावर तपासले जाते, नाहीतर शेजारच्या पोरावर. त्याला एखादी मोकळी जागा, एखादा जाणकार, 'हे पाते किती ताण सोसेल' असे विचारणारा एक माणूस मिळाला असता तर? तो गेल्यावर त्याच्या जिद्दीचे गोडवे सगळ्यांनी गायले. जुगाडाचे कौतुक आपल्याला फार आवडते; त्यात काही खर्च होत नाही.

आपल्या जलशांमध्ये वक्ते अब्बास इब्न फिरनासचे नाव हमखास घेतात. नवव्या शतकात कुर्तुबामध्ये तो पंख लावून उडाला. पण ही हकीकत सांगणाऱ्या मक्करीने, शेकडो वर्षांनंतर, पुढचेही लिहून ठेवले आहे: उतरताना त्याच्या पाठीला मार बसला, कारण पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतात हे त्याच्या ध्यानात आले नव्हते आणि त्याने शेपूट लावलेच नव्हते. आम्ही अनेक भाषणे ऐकली. शेपटाचा उल्लेख एकातही नव्हता.

याचा अर्थ करूच नये असा कोणी घेतला तर तो आम्हाला मान्य नाही. तसे असते तर होंडा हामामात्सुत पंक्चर काढत बसले असते आणि आमचे उस्ताद नांगराचे फाळ. ज्यांच्याकडे पदवी नाही, त्यांच्या हातातली विद्या आम्हाला कमी लेखायची नाही. पण विद्या म्हटले की तिला परीक्षाही आली.

मुलाचे प्लास्टर निघेपर्यंत सायकल भिंतीला टेकून होती. मग आम्ही पुन्हा कामाला लागलो. एक्सिलेटरला परत फिरणारी स्प्रिंग लावली. बंद करायचे बटण उजव्या अंगठ्याखाली आणले. भंगारातून लुनाचा ड्रम ब्रेकचा हब मिळवला. छिद्रांची संख्या जुळेना म्हणून पुढची रीमच बदलावी लागली, तारा नव्याने विणून घेतल्या आणि चिमट्याला आधाराची पट्टी जोडली. या कामाला इंजिन बसवण्यापेक्षा दुप्पट दिवस गेले आणि ते पाहायला गल्लीतले कोणी आले नाही. दवाखान्याचा खर्च आम्ही तिघांनी दिला. मुलाच्या अम्मीने अर्धाच घेतला.

पंचवीस पूर्णांक सहाचा प्रश्न मात्र तसाच आहे. गाडी रस्त्यावर न्यायची नाही, असे ठरले आहे; दुकानामागच्या मोकळ्या मैदानात जुम्म्याच्या दुपारी चालवतो. लोक अजून विचारतात, किती पळते? तो मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. मामेभावाच्या दुकानात शाळा सुटल्यावर येतो, आणि परवा त्याने रोलर उचलायच्या खटक्याची पिन घासलेली आहे हे आमच्याआधी पाहिले. नवी पिन त्यानेच कातली. बसू द्या म्हणतो. आम्ही अजून हो म्हटलेले नाही.