वाचलेली वीज कुठे जाते?

काही वर्षांपूर्वी आम्ही धर्मग्रामाच्या सभागृहातील तीस जुन्या ट्यूबलाइट काढून त्यांच्या जागी एलईडी बसविल्या. चोकसह जुन्या नळीला पन्नासेक वॅट लागत. नवीला वीस पुरतात. पंधराशे वॅटचे काम सहाशेत भागू लागले. पहिले बिल पाहून खजिनदारांना आनंद झाला, मलाही झाला. मग कोणीतरी सुचविले, वीज वाचतेच आहे, तर चर्चच्या दर्शनी भिंतीवर झोतदिवे लावू या. सणापुरते लावलेले ते दिवे पुढे रोज रात्रभर जळू लागले. दोन वर्षांत बिल पूर्वीच्याच आकड्यावर आले. नकार मीही दिला नव्हता.

हा अनुभव नवा नाही. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाला त्याआधीच्या न्यूकमेनच्या इंजिनापेक्षा पुष्कळ कमी कोळसा लागे. तेव्हा ब्रिटनमधील कोळशाचा खप घटायला हवा होता. प्रत्यक्षात तो वाढला, कारण स्वस्त झालेली शक्ती नवनव्या कामांना जुंपली गेली. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात हे दाखवून दिले.

मग काटकसरी यंत्रे निरर्थक ठरतात काय? मुळीच नाही. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशाचीच वीज होते. म्हणजे घरी वाचविलेले एक युनिट तिथे जवळजवळ तिप्पट उष्णता वाचविते. शिवाय वाढलेला प्रत्येक वापर दोषास्पदही नसतो. ज्या पाड्यावर काल रॉकेलची चिमणी होती, तिथे आज एखादी मुलगी विजेच्या दिव्याखाली अभ्यास करीत असेल, तर ती वाढ न्यायाचीच आहे.

अभियंते कार्यक्षमतेची व्याख्या सोपी करतात: यंत्राकडून मिळालेली उपयुक्त ऊर्जा भागिले त्याला पुरविलेली ऊर्जा. यातले सारे मोजता येते. परंतु ‘उपयुक्त’ कशाला म्हणावे, हे कोणतेही उपकरण सांगू शकत नाही. प्रकाश पुस्तकावर पडतो की रिकाम्या भिंतीवर, हे मीटरला कळत नाही. तो निर्णय माणसाचा आहे. सौर पटले बसविली तरी तो टळत नाही, कारण त्यांनाही काच, सिलिकॉन, धातू आणि जागा लागतेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वाढत्या वातानुकूलनाचे उदाहरण दिले, तेही यंत्राला दोष देण्यासाठी नव्हे, तर आपल्या सवयींकडे बोट दाखविण्यासाठी.

आमचे झोतदिवे आता सणाच्या दिवसांतच लागतात. हे सहज घडले नाही. काहींना चर्च अंधारात बुडाल्यासारखे वाटले आणि पहिल्या रात्री मलाही ते ओके ओके दिसले. पुरेसे म्हणजे किती, हे ठरविताना सवयीला थोडे दुखणारच. ते ठरविले नाही, तर वाचलेली वीज आपल्याच दुसऱ्या हौसेच्या वाटेने निघून जाते.