एकसष्टचे उत्तर

दिवाळीत भाचा धुळ्याला आला, की फराळाबरोबर त्याला एखादे कोडे घालायचे, हा आमच्या घरचा रिवाज. यंदा म्हटले, "साठाला एखाद्या संख्येच्या वर्गाने गुण, त्यात एक मिळव, बेरीज पुन्हा पूर्ण वर्ग आली पाहिजे." हातातली चकली संपायच्या आत तो म्हणाला, "चार! सोळा साठे नऊशे साठ, अधिक एक, एकतीसचा वर्ग." बासष्टासाठी आठ हे उत्तरही त्याने काढले. मग मी एकसष्ट दिले. वहीची चार पाने भरून संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, याला उत्तरच नाही."

उत्तर आहे. ते २२,६१,५३,९८०! त्याच्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळवला, की १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग येतो. याहून लहान उत्तर नाही. सेकंदाला एक संख्या तपासत रात्रंदिवस बसले, तरी सात वर्षांहून अधिक काळ लागेल. सहाव्या वर्षी कोणी 'उत्तर नाही' म्हणून उठला, तर त्याचे कष्ट खरे, पण विधान खोटे. 'मी थकलो' आणि 'उत्तर नाही' ही दोन निराळी वाक्ये आहेत. चौसष्टाला मात्र खरोखरच उत्तर नाही. कारण चौसष्ट स्वतःच वर्ग आहे, आणि त्या गुणाकाराच्या वर्गात एक मिळवून दुसरा वर्ग होत नाही. 'नाही' म्हणायलाही असा पुरावा लागतो.

धुळ्याहून रेल्वेचा फाटा चाळीसगावला जातो. तेथून जवळच, डोंगराच्या कुशीत, पाटण आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे तिथला १२०७ च्या सुमाराचा शिलालेख सांगतो. त्या आजोबांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त हेच एकसष्टचे उदाहरण सोडवले. फ्रान्सच्या फेर्माने ते युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकले १६५७ साली!

आचार्यांच्या पद्धतीचे नाव चक्रवाल. तिचा आरंभ चुकीपासून होतो. आठाचा वर्ग चौसष्ट, एकसष्टाहून तीनने जास्त. हवा होता एक. ही चूक पुसायची नाही, तिचे माप घेऊन पुढे जायचे. मग ३९ चा वर्ग १५२१ येतो. तो ६१ च्या पंचवीस पटीहून चारने कमी. पुन्हा चूकच, पण या चारातून उत्तराची वाट फुटते.

मी जन्मभर गणित शिकवले. एका मुलाच्या वहीत वर्षभर लाल फुल्या मारल्या. चूक केवढी, कोणत्या बाजूची, हे पाहिले नाही. शेवटी त्याच्या वडिलांना सांगितले, "याला गणित येणार नाही, दुकानात बसवा." त्यांनी बसवले. आज तो बाजारात भेटला, की वाकून नमस्कार करतो, आणि मी ओशाळतो. माझ्या त्या 'नाही'ला पुरावा कोणता होता? थकलो होतो मी.

भाच्याची वही मी परत दिली. म्हटले, "बाळ, खोडू नकोस. प्रत्येक ओळीपुढे लिही, किती कमी, किती जास्त." पणतीजवळ बसून तो पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहू लागला.