स्वखुशीने

आमच्या औशात जमिनीचा विषय निघाला की एक शब्द हमखास येतो: हक्कसोड. वडील गेले, वारसांची नावं सातबाऱ्यावर लागली, की बहिणी गाडीत बसून येतात आणि हक्कसोडपत्रावर सही नाहीतर अंगठा करतात. साडीचोळी होते, जेवण होतं. कागदावर लिहिलेलं असतं, ‘स्वखुशीने’.

स्त्रीवादी तत्त्वज्ञान कशाशी खातात, असं कुणी विचारलं तर मी हाच शब्द दाखवेन.

कायदा तसा सरळ आहे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. तरी सही होते. का, असं विचारलं तर बाई म्हणतात, “भावाशी वाकडं कशाला?” आणि त्या खोटं बोलत नसतात. मार्था नुसबॉमसारख्या तत्त्वज्ञ म्हणतात, जे मिळणारच नाही ते माणूस मागायचंच सोडून देतं. म्हणून इच्छा हा शेवटचा पुरावा धरू नये. पटतं. पण चाळीस वर्षं संसार ओढलेल्या बाईला ‘तुमची खुशी तुमची नाही’ असं सांगणारा मी कोण? हाही अपमानच.

इथे मला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे जास्त कामाच्या वाटतात. (आपल्याकडे ओळख नेहमी पॅरिसपासून, सिमॉन द बोव्हारपासून सुरू होते. त्यांचं पुस्तक १९४९ चं, ताराबाईंचं १८८२ चं.) सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली, पण त्या निमित्ताने बाईच्या जातीलाच झोडपणं सुरू झालं. ताराबाईंनी काय केलं? बाईवर ठेवलेला प्रत्येक दोष उचलून पुरुषाशेजारी ठेवला. पुस्तकाचं नावच ‘स्त्री-पुरुष तुलना’.

तीच तुलना इथे करा. बाईच्या मनात डोकावायची गरज नाही. ‘नाही’ म्हटलं तर काय जातं, एवढं बघा. भावाने हिस्सा घेतला तर तो वारस. बहिणीने घेतला तर लोभी. त्याला जमीन आणि नातं दोन्ही मिळतं, तिला एक निवडावं लागतं. आणि उद्या नवऱ्याने टाकलं तर परतायला तेच एक घर.

मग मी तिला ‘सही करू नका’ म्हणणार का? तिचं माहेर तुटलं तर दिवाळीला तिला आणायला मी थोडाच जाणार आहे. बोलायचं ते भावाशी. कागद करण्याआधी त्याने तिला एकदा सांगावं: हिस्सा घेतलास तरी मुराळी म्हणून मीच येईन. मग विचारावं, सही करतेस का.