महाळुंगाची साल

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात एक फळ आहे. वस्त्रं-दागिने चढले की ते झाकलं जातं, त्यामुळे रांगेतल्या बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. ते फळ म्हणजे महाळुंग. लिंबाच्याच कुळातलं, पण ओबडधोबड, गाठाळ आणि वजनाला अर्धा-पाऊण किलो सहज. चिरलं की बोटभर जाडीची पांढरी साल आणि मधोमध नावापुरता गर. पिळायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. लिंबू म्हटलं की आपण आधी रस बघतो, त्यामुळे मंडईत याला कोण विचारणार?

आणि ज्या कागदी लिंबाच्या मापानं आपण याला नापास करतो, ते याचंच लेकरू! या कुळातल्या मूळ जाती मोजक्याच. महाळुंग, पपनस आणि संत्र्याचा पूर्वज या त्यांतल्या मुख्य. आपली रोजची बरीचशी फळं त्यांच्या संकरातून आली. जनुकं तपासल्यावर दिसलं, की कागदी लिंबाची आई आग्नेय आशियातली एक रानटी जात आणि बाप महाळुंग. परदेशी पिवळ्या लेमनची आई वेगळी, कडू संत्रं. बाप मात्र पुन्हा हाच.

भूमध्य समुद्राकाठी पोचलेलं या कुळातलं पहिलं फळही हेच. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला ग्रीक वनस्पतिज्ञ थिओफ्रास्टस लिहितो, की हे खात नाहीत. पण वास फार छान, आणि कपड्यांत ठेवलं तर कसर लागत नाही. ज्यूंच्या सुक्कोथ सणात ते हातात धरून प्रार्थना करतात. त्यासाठी इटलीतल्या कालाब्रियाच्या बागांत दर उन्हाळ्यात रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, येतात आणि एकेक फळ निरखून घेतात. सालीवर डाग नको, आणि टोकाला बोंड असेल तर ते मोडलेलं नको. रस किती, हे कुणी विचारत नाही.

आयुर्वेदानंही याच्या सालीचे आणि गराचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण या फळात साल हाच ऐवज. वरचा पिवळा पापुद्रा नुसता नखानं खरवडला तरी हाताला वास राहतो. आतला पांढरा भाग लिंबाच्या सालीसारखा कडू नसतो. किंचित गोडसर, काकडीसारखा कुरकुरीत लागतो. लोक त्याचं लोणचं घालतात, साखरेच्या पाकातही मुरवतात. पाकातल्या फोडी चांगल्याच, पण साखर त्याचा मूळ स्वभाव झाकते असं माझं मत. पातळ काप करावेत, वर मीठ भुरभुरावं आणि लगेच खावेत. बिया टाकू नयेत, कुंडीत रुजतात.