तारीख रोमची, गुलाब मावळचा

जानेवारी संपत आला, की मावळातल्या पॉलिहाउसांत उजाडायच्या आत तोडणी सुरू होते. पवनानगर, येळसे, तळेगाव दाभाडे, आंबी या पट्ट्यात प्लॅस्टिकच्या छपरांखाली लाल गुलाबाच्या ओळीच्या ओळी उभ्या असतात. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका कात्री घेऊन त्यांतून पुढे सरकतात. कळी मिटलेली, पण बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागलेल्या, नेमक्या त्या अवस्थेतला दांडा कापायचा. दुपारपर्यंत थांबले तर कळी उमलते आणि उमललेले फूल परदेशी जात नाही. कापलेला दांडा लगेच बादलीतल्या पाण्यात, बादली शीतगृहात, 2 ते 4 अंश तापमानाला. मग प्रतवारी होते. 40, 50, 60 सेंटीमीटर अशा लांबीच्या दांड्यांच्या वीस-वीसच्या गड्ड्या बांधतात, कागदात गुंडाळून खोक्यात भरतात आणि वातानुकूलित गाडीने मुंबईच्या विमानतळाकडे रवाना करतात. तिथून हा माल युरोपात, जपानला, ऑस्ट्रेलियाला, आखाती देशांत जातो.

या तोडणीचा हिशेब नोव्हेंबरअखेरीसच मांडलेला असतो. छाटणी आणि बेंडिंग, म्हणजे जादा फांद्या वाकवून झाडाची ताकद नव्या फुटव्याकडे वळवणे, तेव्हा झाले तर पन्नास-पंचावन्न दिवसांनी कळी हाताशी येते. थंडी वाढली तर ती मागे पडते. ऊब वाढली तर चार दिवस आधीच तयार होऊन बसते. ढगाळ हवा आली की भुरी आणि डाउनी या रोगांची धास्ती. कळी भरदार व्हावी म्हणून प्रत्येक कळीला जाळीची टोपी चढवायची, आणि हे हातानेच करावे लागते. ‘टॉप सिक्रेट’ हे इथल्या लाल गुलाबाच्या वाणाचे नाव तळेगावच्या मजुरांच्याही तोंडी आहे. 14 फेब्रुवारीला जो भाव असतो तो 15 तारखेला राहत नाही. केनिया आणि इथिओपियातला गुलाब युरोपच्या बाजारात समोर उभा असतो, विमानभाडे वाढत असते, म्हणून अलीकडे पुष्कळ उत्पादक पुण्याची गुलटेकडी, मुंबई, दिल्ली, हैदराबाद अशा देशातल्याच बाजारांकडे वळले आहेत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा याच शेतकऱ्यांनी फुले तोडून उकिरड्यावर टाकली. विक्री नसली तरी झाड जगवायला तोडणी करावीच लागते.

व्हॅलेंटाइन डे परका आहे असे म्हणणाऱ्यांनी या कष्टांची दखल घ्यायला हवी. बँकेचे कर्ज काढून उभारलेल्या पॉलिहाउसाचा वर्षाचा ताळेबंद या दिवसावर बसतो. मावळात तो सुगीचा दिवस आहे.

तारीख मात्र रोमची. तिसऱ्या शतकाच्या सुमारास व्हॅलेंटाइन नावाचे एकाहून अधिक ख्रिस्ती हुतात्मे होऊन गेले. सम्राट दुसरा क्लॉडियस याने सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली आणि व्हॅलेंटाइनने ती गुपचूप लावून दिली, ही सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट पुष्कळ नंतरची आहे. या संताच्या दिवसाशी प्रेम जोडले गेल्याचा ठळक पुरावा थेट चौदाव्या शतकात, जेफ्री चॉसर या इंग्रज कवीच्या काव्यात मिळतो. तिथे या दिवशी पक्षी आपापला जोडीदार निवडायला जमतात. पुढे 1840 च्या दशकात अमेरिकेत एस्थर हाउलँड या तरुणीने लेस लावलेल्या शुभेच्छापत्रांचा धंदा उभा केला, आणि 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅडबरी यांनी चॉकलेटचा बदामाच्या आकाराचा डबा बाजारात आणला. 1969 मध्ये तर कॅथलिक चर्चने हा संतदिन आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढून टाकला. आज जगभर साजरा होतो तो दिवस कवींनी आणि व्यापाऱ्यांनी घडवला आहे.

पुण्यात तो आला 1991 नंतर, केबल टीव्हीबरोबर. आर्चीजच्या कार्डांच्या दुकानांनी तो कॉलेजपर्यंत नेला आणि 1997 च्या ‘दिल तो पागल है’ने घराघरांत. पण पुण्याच्या कॉलेजांना ‘डेज’ची सवय होतीच. साडी डे, टाय डे, ट्रॅडिशनल डे यांच्या रांगेत रोझ डे सहज बसला. पिवळा गुलाब मैत्रीचा, लाल गुलाब प्रेमाचा, ही भाषा फर्ग्युसनपासून गरवारेपर्यंत सगळ्यांना पाठ झाली. कार्डाच्या दुकानात तासभर उभे राहून एकेका कार्डातला मजकूर वाचणारी मुले-मुली हे त्या दशकातले फेब्रुवारीचे नेहमीचे दृश्य होते. मोबाइलने कार्डे संपवली आणि एका दिवसाचा आठवडा केला. 7 फेब्रुवारीच्या रोझ डेपासून प्रपोज, चॉकलेट, टेडी, प्रॉमिस अशी रांग आता लागते. त्यातला बराच भाग दुकानदारीचा आहे आणि तो गेला तरी काही बिघडणार नाही.

पुण्याने या दिवसाला दिलेली खरी जागा म्हणजे झेड ब्रिज. डेक्कन आणि नारायण पेठ जोडणारा, दुचाकींसाठीचा हा मुठेवरचा पूल. संध्याकाळी कठड्याला लागून गाड्यांची रांग लागते, प्रत्येक गाडीवर दोघे जण, तोंड नदीकडे आणि पाठ रहदारीकडे. मुलीच्या तोंडाला स्कार्फ. पुण्याच्या धुळीवर आणि उन्हावर काढलेला हा उपाय ओळख लपवायलाही उपयोगी पडतो. या बसण्यात विचार आहे. शेजारून जाणारा मामा, काका, वाड्यातला शेजारी यांतल्या कुणालाही चेहरा दिसू नये. ज्यांच्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसे आहेत, ज्यांच्या वसतिगृहाचे दार ठरल्या वेळी बंद होते, ज्यांना हॉटेलातल्या दोन कॉफ्या परवडत नाहीत, त्यांना शहरात दुसरी जागा नाही. संभाजी बाग, हनुमान टेकडी, तळजाई, खडकवासल्याची चौपाटी, सगळीकडे कुणीतरी हटकायला येतो. भर रहदारीतला पूल त्यांना बंद खोलीपेक्षा सुरक्षित वाटतो, हे शहराने लक्षात घ्यावे.

या दिवसाला विरोधही जुना आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून शिवसेना, बजरंग दल यांच्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी कार्डांच्या होळ्या केल्या, दुकाने फोडली, जोडप्यांना पळवून लावले. 2023 मध्ये केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने 14 फेब्रुवारीला गाईला मिठी मारण्याचे आवाहन केले आणि चार दिवसांत मागे घेतले. विरोधाचे कारण दर वेळी एकच सांगितले जाते, की हे आपल्या संस्कृतीत नाही.

त्यावर अभ्यासकांचे उत्तर तयार असते. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि तिच्या सुमारे सातशे गाथांत गावातल्या स्त्री-पुरुषांचे प्रेम मोकळेपणाने आले आहे, त्यातही पुष्कळदा स्त्रीच्या तोंडून. सातवाहनांचा नाणेघाट पुणे जिल्ह्यातच, जुन्नरजवळ. हर्षाच्या ‘रत्नावली’ची सुरुवात मदनोत्सवाने होते. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे असे काही नसते, तर आजच्या मुलामुलींना एकमेकांना निवडायचा हक्क नसता का? हक्काला पुरातन दाखला लागत नाही. पाहायचे झालेच तर याच मातीत प्रेमाच्या वाट्याला काय आले ते पाहावे.

1740 च्या सुरुवातीला बाजीराव मोहिमेवर असताना पेशव्यांच्या घरच्यांनी मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवले. त्याच वर्षी 28 एप्रिलला रावेरखेडीला बाजीरावाचा मृत्यू झाला आणि पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे. त्यांचा मुलगा समशेर बहाद्दर मराठ्यांकडून पानिपतावर लढला आणि तिथल्या जखमांनी गेला. आज शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला मस्तानीचे नाव आहे. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात नीट मांडून ठेवले आहेत. दुधात आइस्क्रीम घातलेल्या पेल्यालाही पुणेकर प्रेमाने मस्तानीच म्हणतात. माणसे जाऊन शंभर-दोनशे वर्षे झाली, की त्यांच्या प्रेमाला हे शहर जवळ करते. जिवंतपणी त्या बाईला घरच्यांनी कोंडले होते.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी घडलेली एक गोष्ट अजून पुरेशा लोकांना माहीत नाही. 29 ऑगस्ट 1868 रोजी सावित्रीबाई फुले यांनी माहेरहून, साताऱ्याच्या खंडाळा पेट्यातल्या नायगावहून, जोतीरावांना पुण्याला पत्र लिहिले. गावोगाव फिरून धर्मकृत्ये करणारा आणि भविष्य सांगणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार समाजातली मुलगी यांचे प्रेम जमले होते. ती सहा महिन्यांची गरोदर होती. गावाला कळले तेव्हा लोकांनी दोघांना धरून मारहाण करत गावातून फिरवले, आणि बेत जिवे मारण्याचा होता. सावित्रीबाई धावत तिथे पोहोचल्या. जमावासमोर उभ्या राहून त्यांनी इंग्रजी कायद्यात खुनाला काय शिक्षा आहे ते सांगितले. लोक बिचकले, दोघांनी गाव सोडावे एवढ्यावर तोडगा निघाला, आणि सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवले. पत्र घरगुती आहे, नवऱ्याला दिलेली खबर आहे. आपण काही अचाट केले, असा सूर त्यात कुठेच नाही. पाच वर्षे आधी, 1863 मध्ये, सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यातल्या आपल्या घरी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. पुण्याला प्रेमाच्या बाजूने उभे राहिलेले पूर्वज हवे असतील, तर ते इथे आहेत.

11 मार्च 1893 ला पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. मुरूडने, त्यांच्या गावाने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्व्यांचे नाव आज रस्त्याला आहे, पुतळ्याला आहे, विद्यापीठाच्या इतिहासात आहे. शहर कर्त्यांचा गौरव करायला विसरत नाही, पण त्यांनी ज्या कारणासाठी बहिष्कार सोसला ते कारण अजून संपलेले नाही.

2014 मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्डा इथे एका दलित शाळकरी मुलाला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून मारून टाकण्यात आले. साक्षीदार फिरले आणि 2017 मध्ये आरोपी सुटले. त्याच्या आसपासच आलेल्या ‘सैराट’ला महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. चित्रपट पाहून हळहळलेल्या घरांपैकी किती घरांत मुलीने दुसऱ्या जातीतला मुलगा सांगितला तर शांतपणे ऐकून घेतले जाईल, याचे उत्तर प्रत्येक घराने स्वतःशी द्यावे.

कायदा जाती-धर्माबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्यांच्या बाजूने आहे. 27 मार्च 2018 च्या शक्ती वाहिनी खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न ठरवले तर कुटुंबाची, जातीची वा कुळाची संमती लागत नाही. जिल्हा पातळीवर विशेष कक्ष, हेल्पलाइन आणि गरज तिथे सुरक्षित निवारा यांबद्दलही राज्यांना निर्देश दिले. आंतरजातीय विवाहाला महाराष्ट्र सरकार 50,000 रुपयांचे साहाय्य देते. पण याच सरकारने डिसेंबर 2022 मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांची माहिती घेणारी समिती नेमली. टीका झाल्यावर आंतरजातीय विवाह वगळले आणि आंतरधर्मीय ठेवले. एका हाताने अनुदान आणि दुसऱ्या हाताने नोंदवही, हे धोरण चुकीचे आहे.

खरी अडचण 1954 च्या विशेष विवाह कायद्यातच आहे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य हवे. मग नोटीस द्यायची. ती नोंदवहीत चढते, कुणालाही फुकट पाहता येते, आणि कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिकडेही जाते. फलकावर दोघांची नावे, वय, पत्ता. पुढचे 30 दिवस हरकतीसाठी. हरकत चालते ती फक्त वय, आधीचे लग्न, निषिद्ध नाते, मानसिक अक्षमता यांवर. आईबापांची नापसंती ही हरकत होऊ शकत नाही. पण मुलगी कुठे आहे हे शोधणाऱ्या भावाला हरकत घ्यायची नसतेच. त्याला पत्ता हवा असतो आणि तो फलकावर मिळतो. देवळात किंवा मंगल कार्यालयात जातीतले लग्न लावणाऱ्याला अशी नोटीस द्यावी लागत नाही. हा भेद जायला हवा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये ही जाहीर नोटीस ऐच्छिक ठरवली, तसे महाराष्ट्रातही व्हायला हवे.

पुण्यात ‘राइट टू लव्ह’सारखे तरुणांचे गट अशा जोडप्यांना वकील, निवारा, पोलिसांशी बोलणी यांत मदत करतात, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही करतात. त्यांना पैशाइतकीच माणसांची गरज असते, आणि ही गरज अगदी नेमकी आहे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न लागताना वधूवरांसोबत तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. घरचे विरोधात, नातेवाईक घरच्यांच्या बाजूने, मित्र घाबरलेले, अशा वेळी तीन माणसे मिळणे अवघड होते. साक्षीदार नातेवाईक असावा अशी अट नाही. तो सज्ञान असावा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन त्याने ठरल्या वेळी कार्यालयात हजर राहावे, सही करावी, एवढेच काम. हा लेख वाचणाऱ्या, पन्नाशी-साठी गाठलेल्या आणि ज्यांच्या शब्दाला सोसायटीत, कचेरीत वजन आहे अशा पुणेकरांनी त्यासाठी आपले नाव या गटांकडे आजच नोंदवावे.