दोन ढेकळं

बाबाबुदनगिरीच्या उतारावर एकाचा अरेबिका कॉफीचा मळा होता. याच डोंगरात संत बाबाबुदनांनी येमेनहून आणलेल्या कॉफीच्या सात बिया लावल्या, असं तिथले लोक सांगतात. मळ्यात फणस, उंबर, पांगारा सावली धरून उभे होते.

म्हातारा मालक वारला. मुलाने झाडं मोजली. "जागा ही अडवतात आणि पैसा कॉफी देते," म्हणत त्याने कुऱ्हाड लावली.

जुना गडी म्हणाला, "धनी, पांगारा तरी ठेवा. त्याच्या मुळांच्या गाठी जमिनीला नत्र देतात."

धन्याने ऐकलं नाही. पालापाचोळा झाडून पेटवला. कॉफीच्या फळांची साल गडी कुजवून झाडांच्या बुडाशी घालायचा, तीही ओढ्यात जाऊ लागली.

उघड्या उन्हात कॉफीची झाडं फळांनी लगडली. लोकांनी वाहवा केली. पण झाडांनी अंगातलं होतं नव्हतं ते फळाला दिलं होतं. पुढच्या वर्षी फांद्या टोकाकडून वाळल्या. उन्हाने तापलेल्या खोडांत किडा शिरला. पावसाळ्यात ओढा तांबडा वाहिला. धन्याने खताच्या गोण्या आणून टाकल्या, मातीपाठोपाठ खतही ओढ्याला गेलं.

शेवटी तो गड्याच्या दारात आला.

गड्याने दोन पेले पाण्याने भरले. एकात मळ्यातलं वाळलेलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात शेजारच्या रानातलं. मळ्यातलं ढेकूळ बघता बघता विरघळलं, पाणी गढूळ झालं. रानातलं तसंच राहिलं. दिवस मावळला तरी ते फुटलं नाही.

"डोंगर एकच, मग हे कसं?" धन्याने विचारलं.

"कुजलेला पाला आणि बारीक मुळं तिथल्या मातीला धरून आहेत. आपण आपला पाला जाळला. जमिनीकडून घेतलं ते बाजारात आणि ओढ्यात गेलं, तिच्याकडे परत काहीच आलं नाही."

धनी बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भरून यायला किती वर्षं लागतील?"

"पांगाऱ्याची सावली चार-पाच वर्षांत पडेल. जुन्या फणसाएवढा फणस मात्र तुमचा नातूच बघेल."

मृगाच्या पहिल्या पावसात धन्याने स्वतः पांगाऱ्याच्या फांद्या रोवल्या. त्या हंगामात साल ओढ्यात गेली नाही.

तुमच्या शेतातलंही एक वाळलेलं ढेकूळ पेल्यात सोडून बघा.